गुणाचं लेकरू

जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलच्या भिंतीला लागूनच कामगारांच्या खोल्या होत्या. मिलमध्ये लोखंड आदळलं की साऱ्या चाळीतली तान्ही दचकून उठत, आणि त्यांच्या आया ओट्यावर बसून त्याचंच रडगाणं गात. एकट्या सत्यशीलाचा सुमेध मात्र खुशाल झोपायचा.

"काय देऊन राह्यलीस गं ह्याला?" शेजारची बेबीनंदा विचारायची.

"जायफळ उगाळून चाटवते. पर लेकरूच गुणाचं हाय," सत्यशीला तोऱ्यात सांगायची. बघता बघता घरोघरी जायफळ उगाळलं जाऊ लागलं.

एका दुपारी तिच्या हातून पितळी ताट सुमेधच्या उशाशी पडलं. तो जागाच होता, स्वतःच्या मुठीशी खेळत होता. तसाच खेळत राहिला. तिनं ताट उचलून मुद्दाम आपटलं. त्यानं मान वळवली नाही.

बेबीनंदा रडती पोर कडेवर घेऊन दारात आली. "त्या आवाजानं ही उठली बघ. अन् तुझा बिलकुल हलला न्हाई. जायफळ किती देतीस, खरं सांग."

"नखभर," सत्यशीला ताट पदराआड घेत म्हणाली. "पर तू नको देऊ आता. रडू दे तिला."