पूजेतलं झाकण

“पोलिसांना देऊन टाकू, मॅडम. दया-बिया नक्को,” एकनाथराव म्हणाले.

समोर सुजाता उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मोबाईलच्या त्या कारखान्यात ती नव्या फोनची मागची झाकणं तपासायची. फोन अजून बाजारात आला नव्हता. त्याचं झाकण कसं दिसतं हे बाहेर कुणालाही कळता कामा नये, असा सक्त नियम होता. आणि आज सकाळपासून त्याच झाकणाचा फोटो जगभर फिरत होता. कोठीच्या बाजारात मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या दुकानदारांपर्यंतसुद्धा तो पोचला होता.

संशय सुजातावर जाणं साहजिकच होतं. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी, सुट्टीसाठी घरी निघताना, तिच्या डब्याच्या पिशवीत एक झाकण सापडलं होतं. पकडलं होतं खुद्द एकनाथरावांनी. कारखान्याच्या सुरक्षेचे ते मुख्य. नव्या कामगारांपुढे त्यांचं भाषण व्हायचं, आणि त्यात तुरुंगाचं वर्णन असं काही रंगायचं की गृहस्थ तिथे मुक्काम करून आलेत की काय, असं ऐकणाऱ्याला वाटावं.

“ते मी जप्त केलं. म्हणजे हिनं दुसरंही नेलंच असणार.”

“एकच घेतलं होतं, साहेब,” सुजाता म्हणाली. “घरी पूजेत मांडायला. बाबा शिलाईचं काम करतात, ते कात्री मांडतात. दादाची ऑटो असते. माझंच काही नसतं. दसरा झाला की परत आणून ठेवणार होते.”

एकनाथराव मोठ्यानं हसले. “ऐकलं, मॅडम? पूजा! काय एकेक थापा सुचतात या लोकांना.”

कारखान्याच्या प्रमुख रेड्डी मॅडम हसल्या नाहीत. फोटो मोठा करून त्यांनी लॅपटॉप एकनाथरावांकडे वळवला. “लेकिन ये तो पूजाकाच फोटो है. आप ठीक से देखे क्या?”

सकाळच्या धावपळीत एकनाथरावांनी फोटो ओझरताच पाहिला होता. आता त्यांनी चष्मा चढवला. झाकणावर कुंकवाचं बोट होतं, भोवती झेंडूची फुलं. कडेला एक काळं फाउंटन पेन अर्धवट दिसत होतं. त्याच्या टोपणाला लाल दोरा बांधला होता.



ते पेन त्यांच्या वडिलांचं होतं. वडील वकील होते. ते गेल्यावरही आई, सावित्रीबाई, दर खंडेनवमीला त्या पेनाला लाल दोरा बांधून पूजेत मांडायची. या वेळी तिनं मुलाच्याही नोकरीतलं काहीतरी असावं म्हणून त्यांची बॅग उघडली असणार. आणि बॅगेत होतं सुजाताकडून जप्त केलेलं झाकण. त्या संध्याकाळी जप्त वस्तूंच्या कपाटाची किल्ली सांभाळणारा माणूस गावी निघून गेला होता, म्हणून एकनाथरावांनी ते सरळ नल्लकुंट्याला घरी नेलं होतं. नियम मोडून. नवमीला ड्युटीवरून परतल्यावर त्यांनी दारातूनच देवाला हात जोडले आणि पानावर बसले. पूजेत काय मांडलंय, ते कशाला बघतायत? त्यांच्या लेकीनं, नेहानं, मात्र आजीच्या पूजेचा फोटो हौसेनं स्टेटसला टाकला असणार. पुढचं काम जगानं केलं.

खोलीत ते पेन ओळखणारं दुसरं कुणीच नव्हतं. नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. पोरगी पोलीस ठाण्यात गेली असती, आणि त्यांची नोकरी, त्यांचा दरारा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. त्यांनी सुजाताकडे पाहिलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. एकनाथरावांना स्वतःच्या मघाच्या हसण्याची मनस्वी लाज वाटली.

“मॅडम, पोलिसांना बोलवा,” ते म्हणाले. “पण नाव माझं द्या.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. पेनाचं, बॅगेचं, नेहाच्या स्टेटसचं. काही हातचं राखलं नाही.

रेड्डी मॅडमनी ऐकून घेतलं. “दया नक्को, आपीच बोले ना? अब बोलो, सजा क्या देना?”

प्रत्येक चोराची शिक्षा तोंडपाठ असलेल्या माणसानं मान खाली घातली. “माझं काय करायचं ते करा,” ते कसंबसं म्हणाले. “पण हिला सोडा. ही खरं सांगत होती. हसलो मी.”

मॅडमनी पोलिसांचा विषय तिथेच संपवला. चूक दोघांची होती, म्हणून लेखी ताकीदही दोघांना मिळाली. फोन बाजारात येईपर्यंत सुजातानं दुसऱ्या लाईनवर काम करायचं. एकनाथरावांनी मुख्य कार्यालयात स्वतः जाऊन झाला प्रकार सांगायचा.

“और अगले साल से आयुध पूजा यहींच करेंगे,” मॅडम म्हणाल्या. “सबके घरवालों को बुलाव. देखने देव, उनके बच्चे क्या बनाते.”

सुजाताच्या जिवात जीव आला. ती दारापर्यंत गेली आणि थबकली.

“साहेब, तो फोटो मला बघायला मिळेल?”

तिलाच तो कुणी दाखवला नव्हता. एकनाथरावांनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. मग डोळे पुसून तिनं भीतभीत विचारलं,

“आता सगळ्या जगानं पाहिलंय, साहेब. मी माझ्या बाबांना दाखवलं तर चालेल?”