नायकाच्या कमरेची तार

थोरल्याला कुठलीही गोष्ट नुसती बघता येत नाही, ही त्याच्या आईची जुनी तक्रार. रांगत होता तेव्हा खुळखुळा वाजवायचा सोडून आत काय वाजतंय ते बघायला त्यानं तो फोडला. स्वतःच्या लग्नात फोटोवाल्याला उजेड कुठून घ्यायचा ते शिकवत राहिला आणि बायकोकडे बघायचं विसरला. आता त्याच खोडीचा त्याला पगार मिळतो. पेपरात सिनेमांची सालं काढतो. लोक म्हणे त्याचं वाचून ठरवतात, तिकीट काढायचं की नाही. लोकांना काय स्वतःचे डोळे नाहीत, असं ती म्हणायची. पण शेजारणींसमोर नाही. शेजारणींसमोर लेक तो लेक.

आजही बूट काढता काढता त्याची नजर टीव्हीवर गेली.

"हा? अगं आई, हा सिनेमा तर मी..."

"माहीत आहे. सोललास तो. शेजारणीनं वाचून दाखवलं होतं. बस खाली, आणि गप बस."

तो बापाच्या खाटेशी खुर्ची ओढून बसला. म्हातारा उशांना टेकून टीव्हीकडे बघत होता. झटक्यानं त्याची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि मागोमाग खाणंही गेलं. 'आ करा' म्हटलं की दात आवळून घ्यायचा. तिनं लाडीगोडी लावली, दम भरला, एकदा तर नाकही दाबून पाहिलं. जबडा हलेना. मग एका दुपारी टीव्हीवर हे ध्यान लागलं. नायक गच्चीवरून उडी मारतो, खालचा अख्खा बाजार ओलांडून पलीकडच्या गच्चीवर उतरतो आणि भांगसुद्धा विस्कटत नाही. म्हाताऱ्यानं आ वासला. तिच्या हातात चमचा होताच. गेला आत. गिळलाही.

तिनं घरी येणाऱ्या नर्सकडून तो सिनेमा टीव्हीत भरून घेतला. उडी आली की चमचा. मागे न्यायचं, पुन्हा उडी, पुन्हा चमचा. गाणी आणि रडारड ती पुढे ढकलायची. त्यात घास जात नसे. म्हातारा दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखा तोंड उघडायचा, वाटी रिकामी व्हायची. नर्सनं बजावून ठेवलं होतं, पोटात गेलं नाही तर नाकातून नळी. आणि ह्या वयात एकदा घातलेली नळी सहसा निघत नाही.

नायक गच्चीच्या काठावर आला. तिनं चमचा भरला. नायकानं उडी मारली, म्हाताऱ्यानं आ केला, चमचा आत.

थोरला खुर्चीत चुळबुळला.

"गप," ती म्हणाली.

मागे. पुन्हा काठ. पुन्हा उडी. चमचा ओठांपर्यंत पोचला होता.

"बाबा, तार बघा." थोरला उठलाच. तिच्या मांडीवरचा रिमोट उचलून त्यानं नायक मध्येच हवेत थांबवला आणि काचेवर बोट ठेवलं. "ही बघा, कमरेला. इथून वर गेलीये. पुसायचीही तसदी घेतली नाही लोकांनी!"

म्हाताऱ्याची नजर नायकाच्या तोंडावरून घसरली. कमरेवर आली. तिथून तारेवरून हळूहळू वर गेली, पडद्याच्या काठापर्यंत. तोंड मिटलं.

"सरक तिकडे," ती म्हणाली. रिमोट हिसकावून तिनं मागे नेलं. उडी आली. म्हाताऱ्यानं धडका डावा हात उचलला आणि बोट पुढे केलं. कमरेकडे.

थोरल्याचा चेहरा फुलला. "आई, बघितलंस? बाबांना कळलं! अगं, सगळं कळतंय त्यांना!" त्याचे डोळे भरून आले. बापानं त्याचं म्हणणं मान्य करण्याची त्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

तिनं मागे नेलं, उडी लावली. बोट. पुन्हा लावली. बोट. चमचा ओठांवर टेकवला, त्यातलं हनुवटीवरून ओघळलं. तिनं पदरानं पुसलं.

"दुसरं काही लावू या," थोरला म्हणाला. त्यानं फोन काढला आणि नावाजलेला कुठलासा सिनेमा लावला. त्यात एक बाई खिडकीत उभी होती, ती उभीच राहिली. मग त्यानं मारामारीचा लावला, सर्कशीचा लावला. म्हातारा प्रत्येकात कमरेची तार शोधत होता. वाटीतलं गार होऊन त्यावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी नर्स आली. तिनं वाटी बघितली, म्हाताऱ्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून बघितली आणि बॅगेतून नळीचं पाकीट काढलं.

"बरं चाललं होतं की आजी. असं काय झालं एकदम?"

आजीनं थोरल्याकडे बघितलं.

"हात धरा कुणीतरी. ओढून काढतील."

थोरल्यानं बापाचा डावा हात दोन्ही हातांत धरला. नळी नाकातून आत जायला लागली तसा म्हातारा ताठला, घशातून घोगरा आवाज निघाला. थोरल्यानं मान फिरवली.

"बघ," आई म्हणाली. "हेही बघ."

नर्सनं नळी गालावर चिकटवली, हात धुतले आणि गेली. थोरला अजून बापाचा हात धरून होता. खालच्या आवाजात म्हणाला, "पण आई, तार खरंच दिसत होती गं."

ती चमचा पुसत होती.

"मला पहिल्या दिवसापासून दिसत होती, शहाण्या. मी तोंड मिटून होते, म्हणून ह्यांचं उघडत होतं."