मानाचा पहिला डाव

तेलाची वाटी टण्णकन जमिनीवर टेकली. विटीदांडूत गाव सलग तिसऱ्या साली हिवरखेडशी हरलं होतं. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना पाठीवर बसवून मारुतीपर्यंत न्यायचं, अशी पैज. जमुना नवऱ्याच्या पाठीला तेल चोळत होती.

"तुमच्यासारखा टोला गावात कोनाचा हाय? मंग तुमाले शेवटी काहून ठेवतेत?"

"पोळ्यात पाटलाचा बैल पुढं, तसा खेळात पाटलाचा पोरगा पुढं," चंद्रभान कण्हत म्हणाला. "मान असते व."

औंदा कापूस सोन्याच्या भावानं गेला, म्हणून पाटलांनी पोराच्या दांडूला चांदीच्या कड्या बसवल्या होत्या. दांडू झळकायचा छान, विटीला मात्र लागायचा नाही. त्याच्यामागून बाकीचे मानकरी, आणि चंद्रभानची पाळी येईस्तोवर दिवस बुडालेला.

"पुढच्या साली तरी पयले खेळू देतीन?"

"मान कोनाले मोडता येते का?"

पाच वर्षांची ठकू इतका वेळ वाटीतल्या तेलात बोट बुडवून ऐकत होती.


"माय, मान पाटलाच्या पोराचा पयला, तं मंग हिवरखेडवाल्यायले पाठीवर घ्याले त्यानं बाबाले पुढं काहून केलं?"