डाव्या दारातली टिक्

शारजातल्या गॅरेजात घस्साननं सुहैलच्या जीपची जुनी वायरिंग पार उपसून नवी ओढली होती. बॅटरी अजून बाहेर फळीवरच होती.

"सोल्डर का नाही करत, उस्ताद? उद्या शर्यत आहे."

"तू टेकड्यांवरून गाडी आपटणार, सोल्डर तडकणार, आणि शिव्या मला! त्यापेक्षा रबराच्या सीलचे कनेक्टर बरे. वाळूच्या बापालाही आत शिरता येणार नाही."

घस्साननं वायर ओढून पाहिली, नेहमीसारखं बिस्मिल्ला म्हटलं आणि कनेक्टरचे दोन भाग एकमेकांत दाबले. टिक्.

डाव्या दारातून उत्तर आलं. टिक्.

"कोण रे नक्कल्या?" सुहैल हसला.

पुढच्या कनेक्टरलाही तसंच झालं, तेव्हा मात्र तो हसला नाही. घस्साननं दाराचं अस्तर उचकटलं. आत नुसता कोरा पत्रा होता. तरी त्यानं त्यावर तळहात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

आता पुढच्या दिव्यांचा कनेक्टर तेवढा उरला होता. त्याचे दोन भाग त्यानं समोरासमोर धरले.

बिस्मिल्ला ओठांवर यायच्या आधीच दारात टिक् झालं.

जीपच्या दिव्यांनी समोरची भिंत उजळून निघाली. सुहैलनं वळून फळीवरच्या बॅटरीकडे पाहिलं.

घस्साननं खाली पाहिलं. दोन्ही भाग त्याच्या दोन हातांत होते, अजून वेगवेगळे.