चौथीचं अंडं

अंडं अजून गरम होतं. तिनं ते गाऊनच्या खिशात टाकलं, खुराड्याचं दार लोटलं आणि धूम मागच्या शेडमध्ये. तिथे खुंटीवर बाबांचे गमबूट टांगलेले, बाबा गेले तेव्हापासून तसेच. उजव्या बुटात पेंढा, पेंढ्यावर अंडी. आजचं धरून अकरा.

"काय गं, आहे का काही?" आईनं स्वयंपाकघरातूनच विचारलं. ती डब्यांवर पेन्सिलीनं तारखा टाकत होती. साधं मीठ भरलं तरी तारीख, अशी बाई.

"नाही अजून."

"तुरे बघ कसे लालभडक झालेत. पाठीवर हात ठेवला की खाली बसतात. तलंग कोंबडी अशी बसायला लागली की अंडं आलंच समज."

"लाकडी अंडं ठेवलंय ना खोक्यात. बघून शिकतील."

"शिकू देत. पण पहिलं अंडं पडलं की तू तुझ्या घरी. मी जावयांना शब्द दिलाय."

म्हणजे झालं असं, की नवरा न्यायला आला तेव्हा आईच म्हणाली होती, तलंगा अंड्यावर यायच्या वेळी दाणे टाकणारा हात बदलला तर त्या बिथरतात. तेवढं होऊ दे, मग पाठवते. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याचा फोन. प्रश्न एकच.

आईला बाकीचं कुठे माहीत होतं? नवरा कामावर जाताना घराला बाहेरून कुलूप लावतो, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? मारत नाही, पीत नाही. नुसतं कुलूप. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. इथे आल्यापासून ती बाथरूमचीसुद्धा कडी लावत नव्हती. आई कुरकुरायची, "दारं सताड उघडी टाकायची कसली ही सवय?"

ठिपकी, काळी आणि भांडकुदळ, तिघी इमानेइतबारे अंडी देत होत्या. चौथी मात्र ढिम्म. तुरा सगळ्यांत लाल, पण अंड्याचा पत्ता नाही. आई पहाटे खुराडं उघडायची तेव्हा दाण्यांवर पहिली झडप हिचीच. "खायला पुढे, कामाला मागे," आई म्हणायची. "तुझ्यावर गेलीये."

रविवारी नवरा न सांगता उगवला. भांडकुदळचं अंडं तेव्हा तिच्या खिशातच होतं.

"सहा महिन्यांच्या कोंबड्या आणि अंडी नाहीत? मीच बघतो," म्हणत त्यानं खोक्यात हात घातला. "हे काय मग?"

"ठोकून बघा," आई म्हणाली.

ठोकलं. टकटक वाजलं. त्याचे कान लाल झाले. मग त्यानं काळीच्या पाठीवर हात ठेवला, आणि काळी पंख फाकवून गपकन खाली बसली.

तिनं खिशातल्या अंड्यावर हात ठेवला.

"ही का बसली?"

"घाबरली," आई म्हणाली. "घाबरलं की बसतंच जनावर."

आईचा चष्मा घरात राहिला होता म्हणून बरं, नाहीतर काळी कशी बसली ते तिनं ओळखलं असतं, मुलीला वाटलं.

नवरा शेडमध्ये शिरला. पोती उचकटली, डबे उघडले. मग त्याचा हात खुंटीकडे गेला.

"बुटांना हात लावायचा नाही. ह्यांचे आहेत."

आईचा आवाज चढला नव्हता, पण तो मागे सरला.

"पहिलं अंडं पडलं की मी स्वतः फोन करीन, जावईबापू. चहा घ्या आणि निघा."

त्यानं चहा घेतला नाही. फाटक आपटून गेला. आई घरात निघून गेली.

ती शेडमध्ये एकटीच उरली. खिशातलं अंडं नशिबानं शाबूत होतं. उजव्या बुटात आता जागा नव्हती, म्हणून तिनं पहिल्यांदाच डावा बूट खाली काढला आणि आत हात घातला.

आत पेंढा होता. पेंढ्यात अंडी होती, गडद तपकिरी, तिनं कधीच न पाहिलेली. तिनं ती एकेक करून बाहेर काढली. प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख होती, आणि सगळ्यांत खालच्या अंड्यावरची तारीख तिनं लपवलेल्या पहिल्या अंड्याच्या पाच दिवस आधीची होती.