किमचीच्या फ्रिजमधले अर्ज

‘लहानपणापासून तुमचीच बिस्किटं खात आलोय’ असं मनापासून लिहिलेलं पत्र मी चुकून सिमेंट कंपनीला पाठवलं, तेव्हा माझ्या नोकरीच्या अर्जांचा कारभार आईने हाती घेतला. “तुझ्या कॉम्प्युटरपेक्षा माझा किमचीचा फ्रिज बरा,” म्हणत तिने त्यातल्या आंबवलेल्या कोबीच्या एकेका डब्यावर एकेका कंपनीची चिठ्ठी लावली. नकार आला की त्या डब्यातल्या आंबट किमचीचं कालवण, होकार आला की तीच किमची उकडलेल्या डुकराच्या मांसाबरोबर. अख्खा हिवाळा आम्ही कालवण ओरपलं. वास सुटला की निवृत्त बाबा टीव्हीसमोरूनच विचारायचे, “आज कोण नाही म्हणालं?” काल मात्र जिन्यातच मांस उकडल्याचा वास आला. मी धावतच घरात शिरलो. “आई, कुठून फोन आला?” “सुपरमार्केटमधून.” “तिथे मी अर्ज कधी केला?” “तू नाही, मी केला,” आई मांस कापत म्हणाली. “किमचीच्या काउंटरला बाई हवी होती. तुझे डबे सांभाळता सांभाळता म्हटलं, एक आपलाही ठेवून बघू. सोमवारपासून जायचंय. तुझं आता तू बघ, दोग्यू.” बाबा पोटभर जेवले, टीव्ही बंद केला, आणि रिकामा झालेला डबा घासूनपुसून आईपुढे ठेवला. “पलीकडच्या इमारतीला रखवालदार हवाय,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “याच्यावर माझी चिठ्ठी लाव. किमची मात्र जुनीच भर, कालवणाला बरी पडेल.”