नैवेद्याचं पॉपॉ

"तुमच्याकडे बांगड्याची डोकी उरतात का हो?" करंबेळकरांनी फोनवर इतक्या हळू विचारलं, की जावयाने दोनदा "काय?" म्हटलं.

आपल्या घरात मासा येणार नाही, या अटीवरच या मालवणी जावयाला त्यांनी मुलगी दिली होती. पण ओहायोच्या थंडीत तगणारं, मोठ्या फळाचं पॉपॉ, म्हणजे सीताफळाचं अमेरिकन भावंड, त्यांनी सात वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं आणि ते एकही फळ धरत नव्हतं. त्याच्या फुलांना मधमाश्या विचारत नाहीत, साध्या माश्याच लागतात; आणि माश्या काही उदबत्तीच्या वासाला येत नाहीत.

डोकी आली. करंबेळकरांनी नाकाला उपरणं बांधून, सोवळ्यातल्या चेहऱ्याने ती फांद्यांना टांगली.

"आंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही," बायकोने खिडकीतून बजावलं.

सप्टेंबरात मराठी मंडळाच्या गणपतीपुढे अर्ध्या किलोचं पॉपॉ विराजमान झालं.

"खत कसलं घातलंत?" कुणीतरी विचारलं.

"संस्कारांचं," करंबेळकर म्हणाले. जावयाला ठसका लागला.

आरतीनंतर मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेतलं. अंड्याचा केक आणला म्हणून एका कुटुंबाला मंडळातून काढणारे हे गृहस्थ.

"काय टांगता?" अध्यक्षांनी विचारलं.

"बांगडा," करंबेळकर पुटपुटले.

"तरीच अर्ध्या किलोवर अडलंय." अध्यक्षांनी प्रसादाचा मोदक तोंडात टाकला. "सुरमई लावून बघा."